चूल : जळते किती, शिजवते किती?

‘ज्वलन’ हा पाठ शिकवताना आपण फळ्यावर नेहमी दोन वाक्ये लिहितो. पूर्ण ज्वलनात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते. अपूर्ण ज्वलनात कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी तयार होते. मुले ती वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. एका शिक्षक शिबिरात याच पाठावर चर्चा चालू असताना एका बाईंनी आपल्या वर्गातील एका मुलीचा प्रश्न आम्हाला सांगितला. ती म्हणाली होती, “बाई, आमच्या चुलीत तर सगळं लाकूड जळून जातं, खाली नुसती राख उरते. मग ज्वलन अपूर्ण कसं?”

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही चुलीपासून शेगडीपर्यंत, शेगडीपासून न्हाणीघरातल्या बंबापर्यंत आणि तिथून सरकारी योजनांपर्यंत जाऊन पोचलो. या लेखात तोच प्रवास आपण पुन्हा करू. वाटेत काही प्रयोग आहेत. ते शाळेच्या मोकळ्या आवारात, शेजारी पाण्याची बादली ठेवून आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावेत.

लाकूड जळते म्हणजे काय?

प्रथम मेणबत्तीचा एक सोपा प्रयोग करू. मेणबत्ती काही वेळ जळू द्या आणि फुंकर मारून विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर जाताना दिसेल. जळती काडी वातीला न लावता त्या धुराच्या रेघेत, वातीपासून एखाद-दोन सेंटिमीटर वर धरा. ज्योत धुरातून खाली उडी घेते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते. म्हणजे तो धूर हे जळण्याजोगे इंधन होते. फक्त त्याला पुरेसे तापमान मिळाले नव्हते.

लाकडाचेही असेच आहे. कोरड्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन, ४० टक्क्यांहून थोडा अधिक ऑक्सिजन आणि सुमारे ६ टक्के हायड्रोजन असतो. हे घटक सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांच्या रूपात बांधलेले असतात. लाकूड चुलीत घातले की आधी त्यातील पाणी वाफ होऊन निघून जाते. तापमान २०० अंश सेल्सियसच्या पुढे गेले की लाकडाचे मोठे रेणू तुटू लागतात आणि त्यांतून ज्वलनशील वायू व डांबरासारख्या पदार्थांची वाफ बाहेर पडते. ५०० अंशांच्या आसपास हे काम बहुतेक संपते. कोरड्या लाकडाचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग असा वायू होऊन जातो. मागे राहतो तो कोळसा, म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बन.

आपल्याला दिसणारी ज्वाळा ही या वायूंची ज्वाळा असते. निखाऱ्याला ज्वाळा नसते. तो पृष्ठभागावर जळतो आणि लाल दिसतो. लाकडाची ज्वाळा लाकडापासून थोडी सुटी, वर का दिसते, हे मुलांना आता सांगता येईल.

प्रयोगशाळेत हे प्रत्यक्ष दाखवता येते. जाड काचेच्या परीक्षानळीत लाकडाचा कोरडा भुसा किंवा आगपेटीच्या काड्यांचे (गूल काढून टाकून) तुकडे घ्या. नळीच्या तोंडाला बारीक काचनळी बसवलेले बूच लावा. परीक्षानळी आडवी, तोंडाकडे किंचित उतरती धरून तापवा, म्हणजे निघालेले पाणी तापलेल्या काचेवर येऊन नळी तडकणार नाही. पांढरा धूर सलग येऊ लागला की त्याला काडी लावा. तो पेटतो. नळीच्या थंड भागात तपकिरी, चिकट डांबर आणि आंबूस वासाचे पाणी जमते. त्या पाण्यात निळा लिटमस कागद बुडवला तर तो लाल होतो. शेवटी नळीत उरतो तो कोळसा. भट्टीत लाकडाचा कोळसा पाडतात तो याच रीतीने.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. तिच्या चुलीतले घन लाकूड पूर्ण नाहीसे होते हे खरे, पण नाहीसे होणे आणि जळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. लाकडातून निघालेल्या वायूंचा काही भाग न जळताच चुलीबाहेर पडतो. आपण त्याला धूर म्हणतो.

धूर का होतो?

वायू पूर्ण जळायचे तर तीन गोष्टी लागतात : पुरेसे तापमान, नीट मिसळलेली हवा आणि जळण्यासाठी थोडा वेळ. यांपैकी एक जरी कमी पडली तरी धूर होतो.

हवेचा हिशेब पाहू. एक किलो कोरडे लाकूड पूर्ण जळण्यासाठी सुमारे ६ किलो हवा लागते. तिचे आकारमान सुमारे ५ घनमीटर, म्हणजे हजार लिटरच्या पाच टाक्या भरतील एवढे. मातीच्या साध्या चुलीत ही हवा फक्त पुढच्या तोंडातून येते. लाकडे जमिनीला टेकलेली असतात, राख साचलेली असते. त्यामुळे खालच्या निखाऱ्यांना हवा मिळत नाही आणि वरून मात्र नको तेवढी गार हवा आत शिरून ज्वाळेला थंड करते. हवा एकूण पुरेशी असूनही नको तिथे जास्त आणि हवी तिथे कमी, अशी स्थिती होते. फुंकणीने आपण काय करतो? निखाऱ्यावरची राख उडवतो आणि नेमकी हवी तिथे हवा पोचवतो. निखारा तापतो आणि त्याच्यावर तरंगणारा धूर एकदम भडकून पेटतो. मेणबत्तीच्या धुराने घेतलेली उडी ती हीच.

ओल्या लाकडाचे काय होते? नुकत्या तोडलेल्या एक किलो लाकडात अर्धा किलो पाणी आहे असे समजू. उरलेल्या अर्ध्या किलो कोरड्या लाकडापासून सुमारे २,१५० किलोकॅलरी उष्णता मिळू शकते. अर्धा किलो पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवून त्याची वाफ करायला (७५ + ५४०) × ०.५, म्हणजे सुमारे ३०८ किलोकॅलरी लागतात. हा तोटा फक्त सातवा हिस्सा आहे. मग ओल्या लाकडाचा एवढा जाच का होतो? कारण ती उष्णता ऐन पेटण्याच्या ठिकाणी खर्च होते. तिथले तापमान उतरते, वायू पेटत नाहीत आणि उरलेल्या उष्णतेचाही काही भाग धुराच्या रूपाने निघून जातो.

तिसरे कारण सहसा लक्षात येत नाही. ते म्हणजे चुलीवर ठेवलेले भांडे. पाण्याने भरलेल्या पातेल्याचा तळ १०० अंशांच्या फार वर जात नाही. शेकडो अंश तापलेल्या ज्वाळेच्या दृष्टीने तो बर्फासारखा थंड आहे. जळत्या मेणबत्तीच्या ज्योतीत स्टीलच्या चमच्याचा तळ धरून पाहा. लगेच काजळी धरते. चमचा ज्योतीच्या बराच वर धरला तर काजळी जवळजवळ धरत नाही, कारण तोवर जळणे पूर्ण झालेले असते. ज्वाळा पातेल्याला भिडली की वायू अर्धवट जळून थांबतात. म्हणून तर चुलीवरच्या भांड्याच्या बुडाला आधी बाहेरून माती लावण्याची रीत आहे. घासताना काजळी मातीबरोबर निघून येते.

शेगडीचे दुखणे वेगळे

कोळशाच्या शेगडीत धूर दिसत नाही. कारण उघड आहे : धूर होणारे वायू कोळसा पाडतानाच भट्टीत निघून गेलेले असतात. शेगडीला जाळी असते, हवा खालून येते, राख खाली पडते. वजनाच्या मानाने उष्णताही अधिक. हवेत वाळलेल्या एक किलो लाकडापासून सुमारे ३,८०० किलोकॅलरी मिळतात, तर तेवढ्याच लाकडी कोळशापासून सुमारे ७,०००. (किलोज्यूलमध्ये आकडे हवे असतील तर ४.१८ ने गुणावे.)

पण शेगडीच्या थरात आणखी एक गोष्ट घडते. खालच्या थरात कार्बन जळून कार्बन डायऑक्साइड होतो. तो वरच्या लाल निखाऱ्यांमधून जाताना त्यांच्यातील कार्बनशी संयोग पावतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. वर हवा आणि तापमान पुरेसे असेल तर तो निळसर ज्योतीने जळतो. शेगडीवर नाचणाऱ्या निळ्या ज्योती त्याच्याच. पण निखारे मंदावले की हा वायू न जळता खोलीत पसरतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. रक्त ऑक्सिजन वाहून नेण्याचे काम करू शकत नाही.

थंडीच्या दिवसांत दारे-खिडक्या लावून खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी मृत सापडल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. धूर नाही म्हणजे धोका नाही, असे समजल्यामुळे हे घडते. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही या विषबाधेची लक्षणे. पण झोपलेल्या माणसाला ती जाणवतही नाहीत. बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून कधीही झोपू नये, एवढे एक वाक्य या लेखातून प्रत्येक वर्गात पोचले तरी पुष्कळ झाले.

उष्णता जाते कुठे?

आता दुसरा प्रश्न. धूर म्हणजे वाया गेलेले इंधन, म्हणून धूर थांबवला की लाकडाची मोठी बचत होईल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात साध्या चुलीतही लाकडातील सुमारे नव्वद टक्के ऊर्जा उष्णतेच्या रूपात मोकळी होते. धुरावाटे जाणारा वाटा लहान असतो. आरोग्याला तो फार महाग पडतो, पण इंधनाचा मुख्य तोटा तिथे नाही. मुख्य तोटा आहे तो निर्माण झालेली उष्णता भांड्यात न शिरण्यात. हे मोजता येते.

एक पातेले, पाच लिटर पाणी, तापमापी आणि तराजू घ्या. हवेत वाळलेली लाकडे तोलून ठेवा. पाण्याचे तापमान नोंदवा. चूल पेटवून पाणी उकळा आणि लाकूड संपेपर्यंत उकळत ठेवा. शेवटी पाणी पुन्हा तोला, म्हणजे किती वाफ झाली ते कळेल. निखारे डब्यात झाकून विझवा आणि उरलेला कोळसाही तोला. समजा, पुढीलप्रमाणे आकडे मिळाले :

जळालेले लाकूड – १ किलो
पाण्याचे तापमान – आधी २८ अंश, उकळताना ९८ अंश
वाफ झालेले पाणी – ४०० ग्रॅम
उरलेला कोळसा – ५० ग्रॅम

पाणी तापवायला लागलेली उष्णता : ५ × ७० = ३५० किलोकॅलरी.
वाफ करायला लागलेली उष्णता : ०.४ × ५४० = २१६ किलोकॅलरी.
एकूण ५६६ किलोकॅलरी.

लाकडाची उष्णता ३,८०० किलोकॅलरी. त्यातून उरलेल्या कोळशाची ०.०५ × ७,००० = ३५० वजा केली तर खर्च झाली ३,४५० किलोकॅलरी. म्हणून कार्यक्षमता ५६६ भागिले ३,४५०, म्हणजे सुमारे १६ टक्के. तीन दगडांच्या किंवा मातीच्या साध्या चुलीसाठी १० ते १५ टक्क्यांच्या आसपासचे उत्तर नेहमी येते. (पाणी १०० ऐवजी ९८ अंशांवर का उकळले, हे मुलांना विचारा. पुणे, नाशिक, सातारा अशा उंचीवरच्या गावांतील मुलांना ते स्वतः पाहता येईल.)

म्हणजे सहा-सात मोळ्या आणल्या तर त्यांतील एक मोळी अन्न शिजवते. बाकीच्या जातात कुठे? एक वाटा भांड्याच्या बाजूने निसटणाऱ्या गरम वायूंबरोबर, एक वाटा चुलीच्या भिंतीत, आणि एक वाटा तोंडासमोर बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावर.

माती उष्णता धरते, पण कोणासाठी?

चुलीची जाड मातीची भिंत उष्णता धरून ठेवते म्हणून ती काटकसरीची, असा एक समज आहे. हिशेब करून पाहू. चुलीचे वजन ६० किलो आहे आणि स्वयंपाक होईपर्यंत ती सरासरी ६० अंशांनी तापते असे धरू. मातीची विशिष्ट उष्णता सुमारे ०.२. मग भिंतीने घेतलेली उष्णता ६० × ६० × ०.२ = ७२० किलोकॅलरी, म्हणजे जवळपास २०० ग्रॅम लाकडाची उष्णता. यातील फार थोडी पुन्हा भांड्याकडे येते. चूल दिवसभर जळत असेल तर हा खर्च एकदाच होतो. पण तासाभराच्या स्वयंपाकासाठी रोज दोन वेळा तो नव्याने करावा लागतो.

इथे मुलांची एक गल्लत दूर करता येते. उष्णता साठवणारा पदार्थ आणि उष्णता अडवणारा पदार्थ हे एक नव्हेत. दगड, ओली घट्ट माती, सिमेंट हे जड पदार्थ उष्णता साठवतात. राख, भुसा मिसळून भाजलेली सच्छिद्र वीट असे हलके, पोटात हवा असलेले पदार्थ ती अडवतात. चुलीच्या आतल्या अंगाला हवे असतात ते हे दुसरे.

उष्णता भांड्यात शिरावी कशी, याचा उत्तम नमुना आपल्याकडे घरोघर होता : तांब्याचा बंब. त्याच्या मधोमध उभी नळी, नळीच्या भोवती पाणी, खाली जाळी आणि जाळीखाली राखेची जागा. लाकूड किंवा कोळसा मधल्या नळीत जळतो. गरम वायू वर जाताना सगळीकडून पाण्याने वेढलेले असतात, त्यामुळे बाहेर पडण्याआधी त्यांना आपली बरीच उष्णता पाण्याला द्यावीच लागते. नळी उभी असल्याने आतली तापलेली, हलकी हवा वर चढते आणि खालून ताजी हवा ओढली जाते. चुलीत भांडे आगीवर असते. बंबात आगच भांड्याच्या पोटात असते. चूल आणि बंब यांची आकृती शेजारी शेजारी काढायला सांगा. वहन, अभिसरण आणि प्रारण या तिन्ही शब्दांना मुले स्वतः जागा शोधतील.

सुधारणेचा जुना ध्यास

उष्णता म्हणजे द्रव्य नव्हे, हे तोफेला छिद्र पाडण्याच्या निरीक्षणावरून सांगणारा काउंट रम्फर्ड आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत आहे. हाच रम्फर्ड अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये गरिबांसाठी सूप शिजवणाऱ्या मोठ्या स्वयंपाकघरांची आखणी करत होता. उघड्या आगीवर लाकूड किती वाया जाते हे मोजून त्याने भांडे आत बसेल अशा बंदिस्त चुली बांधल्या.

भारतात वर्ध्याच्या ग्रामोद्योग चळवळीतून मगनचूल पुढे आली. १९५० च्या दशकात हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी धुराडे असलेल्या बिनधुराच्या चुलीचा प्रसार केला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ‘अस्त्र’ या गटाने तीन भांड्यांची ‘अस्त्र ओले’ तयार केली. कन्नडमध्ये ओले म्हणजे चूल. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून २००२ पर्यंत केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम चालला. त्यात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची नोंद झाली. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने लोखंडी साच्यातून घडवायची, धुराड्याची ‘लक्ष्मी’ चूल खेड्यांतील कारागिरांना शिकवली. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या पद्धतीसाठी याच संस्थेला २००२ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

मग घरोघर धूर थांबला का? नाही. अनेक सुधारित चुली एक-दोन वर्षांत मोडून पडल्या किंवा बाजूला सारल्या गेल्या. याची कारणे विज्ञानाच्या तासाला मुद्दाम चर्चेला घ्यावीत अशी आहेत.

पहिले कारण म्हणजे चुलीची दोन कामे एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. उष्णता भांड्यात शिरावी म्हणून भांडे ज्वाळेजवळ आणले तर ज्वाळा थंड पडून काजळी वाढते. भांडे आणि चूल यांमधली फट कमी केली तर गरम वायू भांड्याला घासून जातात, पण फट फारच कमी झाली की हवा कोंडून धूर होतो. नुसती कार्यक्षमता वाढवली म्हणून धूर कमी होईलच असे नाही. यावर एक चांगला तोडगा अमेरिकेतील लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या ‘रॉकेट’ चुलीत आहे. तिच्यात इंग्रजी ‘एल’ अक्षरासारख्या मार्गात, सच्छिद्र विटांनी वेढलेल्या उभ्या नळीत वायू आधी पूर्ण जळतात आणि मगच अरुंद फटीतून भांड्याला घासून जातात. आधी जळणे, मग तापवणे, असा क्रम लावला की भांडण मिटते.

दुसरे कारण धुराड्याचे. धुराडे धूर कमी करत नाही. तो घराबाहेर नेऊन सोडते. स्वयंपाक करणाऱ्या बाईला त्याचा मोठा आधार आहे यात शंका नाही. पण दाट वस्तीत एका घराचा धूर दुसऱ्या घराच्या खिडकीतून आत येतो. शिवाय धुराड्यात काजळी साचते. ते वेळोवेळी साफ केले नाही तर ओढ कमी होते आणि धूर पुन्हा घरात येतो.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. प्रयोगशाळेत चुलीवर पाणी उकळतात. घरात भाकरी भाजतात. भाकरी तव्यावर अर्धी होते आणि मग चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांवर उभी धरून शेकली की टम्म फुगते. तोंड लहान केलेल्या किंवा भांड्यासाठी बंदिस्त केलेल्या चुलीत तिला जागाच नव्हती. विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाट्या आणि तुराट्या जळतात, ज्वारीच्या पट्ट्यात धसकटे, कुठे बाभळीच्या फांद्या, कुठे गोवऱ्या. यांतील प्रत्येक इंधनाचा जाळ वेगळा. मोजून दिलेल्या तोंडात न मावणारी फांदी कोण तोडत बसणार? चूल थंडीत उबेला लागते, पावसाळ्यात कपडे आणि लाकडे वाळवायला लागते, धुराने किडे पळवायला लागते. ज्या बाईने ती वापरायची तिला विचारल्याशिवाय केलेली सुधारणा टिकली नाही, यात नवल नाही.

धूर कोणाच्या वाट्याला?

एवढे करून चुलीचा प्रश्न सोडायचा का? तसे करता येणार नाही, कारण धुराची किंमत मोठी आहे. अडीच मायक्रोमीटरपेक्षा लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या भागाहूनही बारीक कण, नाकात न अडकता थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मर्यादेनुसार चोवीस तासांच्या सरासरीने अशा कणांचे प्रमाण घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमहून अधिक असू नये. स्वयंपाक चालू असताना चुलीशेजारी हे प्रमाण शेकड्यांत, कधी हजारांत जाते.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटी उपकरणे लावून त्या किती धूर श्वासावाटे घेतात हे मोजले. तोवर प्रदूषण म्हटले की कारखान्यांची धुराडी डोळ्यांसमोर येत. सर्वांत दाट धूर स्वयंपाकघरात आहे, हे अशा मोजणीतून जगापुढे आले. लहान मुलांचा न्यूमोनिया, मोठ्यांचा दीर्घकालीन श्वासविकार, हृदयविकार, फुप्फुसाचा कर्करोग, मोतीबिंदू यांच्याशी या धुराचा संबंध आहे. घरगुती धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने चित्र बरेच बदलले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरणारी भारतातील कुटुंबे २०१५-१६ मध्ये ४३.८ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ५८.६ टक्के झाली. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवर आले. पण ग्रामीण भारतात ते ४३.२ टक्केच होते. आणि ज्या घरात गॅस आला तिथून चूल गेलीच असे नाही. चहा-भाजी गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी विभागणी अनेक घरांत दिसते. सिलिंडर विकत आणावा लागतो, काटक्या बांधावर मिळतात. धूर मात्र अर्धा झाला म्हणून आजार अर्धा होतोच असे नाही. थोडा धूरसुद्धा बराच अपाय करतो.

वर्गासाठी

म्हणून चूल असेपर्यंत ती कशी वापरायची, हे शिकवण्याला अर्थ आहे. पुढील गोष्टींना पैसा लागत नाही, आणि प्रत्येकीमागे वर पाहिलेले एक तत्त्व आहे. ते तत्त्व मुलांनी शोधायचे.

१. लाकूड वाळवून, बारीक फोडून जाळणे.
२. लाकडांची टोकेच आगीत ठेवून ती हळूहळू पुढे सारणे. सगळी लाकडे एकदम न कोंबणे.
३. राख वारंवार काढणे. जमल्यास लाकडाखाली लोखंडी जाळी ठेवणे.
४. भांड्यावर झाकण ठेवणे. वरच्या प्रयोगात ४०० ग्रॅम पाण्याच्या वाफेत उपयोगी उष्णतेचा एक तृतीयांशाहून मोठा वाटा गेला होता, हे आठवावे.
५. उकळी आली की जाळ कमी करणे. उकळत्या पाण्याचे तापमान मोठ्या जाळाने वाढत नाही. भात लवकर शिजत नाही, फक्त वाफ जास्त होते.
६. डाळ, कडधान्ये आधी भिजवणे.
७. स्वयंपाक चालू असताना दार-खिडकी उघडी ठेवणे, आणि धुरात लहान मुलाला जवळ न बसवणे.

यांतील चौथी आणि पाचवी गोष्ट तपासण्यासाठी पाणी उकळण्याचा प्रयोग झाकण ठेवून आणि न ठेवता असा दोनदा करता येईल. एका गटाने वाळलेले, दुसऱ्याने ओलसर लाकूड घ्यावे. गावात शेगडी, बंब, धुराड्याची चूल यांपैकी जे असेल त्याची कार्यक्षमता काढून तक्ता करावा. आणि एक काम घरी द्यावे : आईला किंवा आजीला विचारून यायचे की रोज लाकूड किती लागते, ते कोण आणते, आणण्यात किती वेळ जातो, आणि चुलीतली कोणती गोष्ट बदलली तर चालेल व कोणती बदललेली अजिबात चालणार नाही. शेवटच्या प्रश्नाची उत्तरे नीट लिहून घ्यावीत. तीन कोटी चुलींच्या योजनेला जे कळायला उशीर झाला ते त्या उत्तरांत सापडण्याची शक्यता आहे.

अशी मोजणी आपल्या शाळेत केलीत तर आकडे आम्हाला जरूर कळवा. जमले नाही, उत्तर वेडेवाकडे आले, तर तेही कळवा. चूक कुठे झाली ते आपण मिळून शोधू.